शेपूट, कुत्रा आणि 'सगळं फेक आहे'

राजकीय विनोदी सिनेमा किती जमला हे कशावरून ठरवायचं? गल्ल्यावरून? पुरस्कारांवरून? मला विचाराल तर थिएटरबाहेर पडल्यावर प्रेक्षक काय बोलायला लागले त्यावरून. आणि या कसोटीवर 'वॅग द डॉग' (म्हणजे शेपटीने कुत्र्याला हलवणं) मला कायम अस्वस्थ करतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत निवडणूक दोन आठवड्यांच्या आत आलीय आणि राष्ट्राध्यक्ष एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात अडकलाय. मग रॉबर्ट डी निरो आणि हॉलिवूडचा निर्माता डस्टिन हॉफमन मिळून अल्बानियाशी चक्क खोटं युद्ध 'बनवतात'. स्टुडिओत एक मुलगी चिप्सचं पाकीट छातीशी धरून पळते आणि कॉम्प्युटरवर त्या पाकिटाचं मांजराचं पिल्लू होतं. धमाल सीन आहे!

सिनेमा आला 1997च्या शेवटी. जानेवारी 1998 मध्ये क्लिंटन-लुइन्स्की प्रकरण फुटलं. 7 ऑगस्टला नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकन दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. 17 ऑगस्टला क्लिंटननी टीव्हीवर संबंधांची कबुली दिली आणि 20 तारखेला अफगाणिस्तान आणि सुदानवर क्षेपणास्त्रं सोडली. झालं! संरक्षणमंत्री कोहेन यांना पत्रकारांनी थेट या सिनेमाबद्दलच विचारलं.

विचारणं योग्यच होतं. खार्टूममधल्या ज्या औषध कारखान्यावर हल्ला केला, त्याच्याविरुद्धचा पुरावा खरंच कच्चा होता. पण अल कायदा मात्र स्टुडिओत बनलेली नव्हती, आणि मेलेली माणसंही. म्हणजे प्रश्न दोन आणि उत्तरं वेगवेगळी. लोकांनी मात्र दोन्हीला एकच शेरा मारला, "वॅग द डॉग!" पुढे 9/11 आयोगाच्या 2004च्या अहवालाने, बिन लादेनविरुद्ध पुन्हा बळ वापरण्याच्या निर्णयांवर ज्या गोष्टींचा एकत्रित परिणाम झाला असावा, त्यांत या टोमण्याचाही समावेश केला. एका विनोदाची केवढी ही मजल!

यात सिनेमाचा दोष नाही. तो सांगत होता, चित्र कोण बनवतंय ते बघा. आपण ऐकलं, प्रत्येक चित्र बनवलेलंच असतं. आमच्या धंद्यात एखादा टेस्टर प्रत्येक केससमोर 'फेल' लिहू लागला तर त्याला कोणी हुशार म्हणत नाही. त्याने टेस्टिंगच केलेलं नसतं.

आज ते मांजराचं पिल्लू मोबाइलवर मिनिटात बनतं. त्यामुळे खोटे व्हिडिओ वाढले हे खरंच, पण दुसरी सोयही झाली. नेता खराखुरा सापडला तरी "एआय आहे हो" म्हणून मोकळा, आणि आपणही "सगळं फेक असतं" म्हणून मोकळे. फायदा कुणाचा?

असो. मिळाला तर जरूर बघा, भरपूर हसा. फक्त पुढच्या वेळी ग्रुपवर 'फेक' लिहिण्याआधी व्हिडिओ कुठला, कधीचा आणि कुणी काढलेला, एवढं तरी तपासूया.