कोर्टाची पायरी चढायची नसेल, तर वकिलाची चढा



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतोय. म्हण खरीच आहे. पण आपण ती जरा जास्तच ताणली. कोर्ट नको, म्हणून वकीलही नको! मग गाळ्याचा करार एजंट करतो, नोटीस आली की फोन सीएला जातो, आणि भागीदारी 'आपलीच माणसं आहेत' या भरवशावर चालते. असं करत करत एक दिवस कोर्टात जावंच लागतं, तेही हातात एक कागद धड नसताना.

माझं मत सरळ आहे. दुकान, वर्कशॉप, क्लाउड किचन, काहीही सुरू करत असाल, तर पहिल्याच वर्षी एक वकील ठरवून ठेवा. मुंबईचा नामांकित नको. तुमच्याच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा, दिवाणी-फौजदारी दोन्ही कामं करणारा साधा वकील हवा. फॅमिली डॉक्टर जसा सर्दी-तापाला पुरतो आणि गरज पडली तर योग्य सर्जनकडे पाठवतो, तसा.

आधीच का? कारण कायद्यातल्या बऱ्याच मुदती दिवसांत मोजल्या जातात, आणि आपण मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत बसतो. चार उदाहरणं देतो.

१. चेक परत आला

समजा, तुमचं कुपवाड एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सुरतच्या पार्टीने दोन लाखांचा चेक दिला आणि तो 'शिल्लक अपुरी' म्हणून परत आला. पार्टी म्हणते, "भाऊ, थोडं थांबा, देतो." तुम्ही थांबता.

इथे घड्याळ चालू झालेलं असतं. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत पार्टीला लेखी मागणीची नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर पार्टीला पैसे द्यायला १५ दिवस. नाही दिले, तर त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेक मुदतीत असेल तर तो पुन्हा भरता येतो, पण ती मुदतच तीन महिन्यांची. तीही गेली आणि नोटीसही राहिली, तर १३८ चा रस्ता बंद. मग उरतो वसुलीचा दिवाणी दावा. त्यालाही साधारण तीन वर्षांची मर्यादा आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही केस तुमची बँक शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात चालते. म्हणजे सुरतेला हेलपाटे तुम्हाला नाहीत, पार्टीला सांगलीला यावं लागेल. म्हणूनच स्थानिक वकील कामाचा.

२. गाळ्याचा करार

'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झालं.' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. तिथे अकरा महिन्यांची सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि ती टाळली तर मालकाला शिक्षेची तरतूद आहे.

पण नोंदणी झाली म्हणजे करार चांगला झाला, असं नाही. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार? मालकाने मध्येच गाळा विकला तर? तुम्ही शटर, फर्निचर, लाइट फिटिंगवर तीन लाख घातले आणि सहा महिन्यांत 'खाली करा' म्हटलं तर? एजंटच्या कॉम्प्युटरमधल्या तयार मसुद्यात या प्रश्नांची उत्तरं सहसा नसतात. वकील अर्ध्या तासात तीन-चार कलमं घालून देतो. त्या अर्ध्या तासाची फी तुमच्या एका महिन्याच्या भाड्याशी ताडून बघा आणि मग ठरवा, महाग काय ते.

३. मित्राबरोबरची भागीदारी

भागीदारी फर्मची नोंदणी सक्तीची नाही, हे खरं. पण भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे, नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचे पैसे वसूल करायला बाहेरच्या पार्टीवर दावा लावता येत नाही. त्या पार्टीला मात्र तुमच्यावर लावता येतो! उधारीवर माल देणाऱ्याने हे एकदा शांतपणे वाचावं. भागीदारीचा लेख वकिलाकडून करून घ्या. नफा कसा वाटायचा, एकाला बाहेर पडायचं असेल तर हिशोब कसा करायचा, हे मैत्री चांगली असतानाच लिहिता येतं.

४. ग्राहकाची तक्रार

ग्राहक आयोगाची नोटीस आली आणि तुम्ही ती गल्ल्याखाली ठेवली. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून तुम्हाला लेखी उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आयोग फार तर आणखी १५ देतो. ४५ च्या पुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी ती वेळेत मांडली नाही, तर तुमचं लेखी म्हणणं रेकॉर्डवरच येत नाही.

"पण सर, सीए आहे ना आमचा!"

असू द्या, हवाच. जीएसटी, रिटर्न, हिशोब हे सीएचं काम. पण करार, नोटीस आणि दावा हे वकिलाचं काम. केमिस्टकडून गोळी घेता येते म्हणून आपण त्याच्याकडून टाके घालून घेत नाही.

आणि साध्या वकिलाचीही मर्यादा ओळखा. ट्रेडमार्क, पेटंट, परदेशी पार्टीशी मोठा करार, यासाठी त्या विषयातला माणूस लागतो. चांगला वकील स्वतःच सांगतो, "हे माझं काम नाही, अमुक ठिकाणी जा." असं सांगणारा भेटला तर त्याला सोडू नका.

वकील निवडायचा कसा?

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. म्हणून जाहिरातीवरून निवडू नका. व्यापारी संघटनेत विचारा, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. दोघा-तिघांना भेटा आणि पहिल्याच भेटीत हे विचारा:

- माझ्यासारख्या धंद्याची कोणती कामं तुम्ही नेहमी करता?
- नोटीस, करार तपासणं, केस यांची फी वेगवेगळी किती? टायपिंग, स्टॅम्प, कोर्ट फी त्यात धरली आहे का?
- फीची पावती मिळेल का?
- तारखेला तुम्ही स्वतः असाल की ज्युनिअर?
- केसचा सीएनआर नंबर मला द्याल का? (हा १६ अंकी-अक्षरी नंबर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख तुम्हालाच दिसते.)

दोन वाक्यं ऐकली की उठा. एक, "केस जिंकून देतो, गॅरंटी." निकाल न्यायाधीश देतात, वकील नाही. दुसरं, "आता फी नको, वसुलीतले वीस टक्के द्या." निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वसुलीत वाटा घ्यायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो. मूळ कागद दिले तर पोच घ्या.

फी परवडतच नसेल तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. महिला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, इतर काही गटांनाही मिळतो. हेल्पलाइन नंबर १५१००. आपल्या बचत गटाच्या ताईंनी हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवावा.

वकील ठेवणं म्हणजे भांडकुदळपणा, असं आपल्याकडे अजूनही समजतात. मला उलटं दिसतं. ज्याचे कागद पक्के असतात, त्याच्याशी समोरचा जपून वागतो, आणि तडजोडही त्याच्याच अटींवर होते. ज्याच्याकडे फक्त शब्द असतो, त्याला शब्दच ऐकून घ्यावे लागतात.

या आठवड्यात एक काम करा. एक फाइल घ्या. गाळ्याचा करार, भागीदारीचा कागद, थकलेली बिलं आणि परत आलेले चेक, सगळं तारखेप्रमाणे लावा. ती फाइल घेऊन एका वकिलाची वेळ घ्या. काही भानगड नसताना जा. फी भरा, प्रश्न विचारा, चहा प्या आणि परत धंद्याला लागा.