पिशवी आणि प्रतिष्ठा

नोकरी करणाऱ्या स्त्रीने पर्स कशी निवडावी, याविषयी उपदेश करणाऱ्यांची वाण आजकाल कोठेच नाही. या उपदेशाचा सारांश बहुधा एकच असतो. कचेरीला एक पर्स, समारंभाला दुसरी, बाजाराला तिसरी. आणि तीन परवडत नसतील तर सर्व पोशाखांवर खपून जाईल अशी एक, काळी, मध्यम आकाराची, दिसायला तरी कातड्याची. उपदेश वरवर निरुपद्रवी आहे. परंतु तो निरुपद्रवी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिशवी साडीला शोभते की नाही एवढेच तो विचारतो. ती जिच्या खांद्यावर लटकते तिच्या दिवसाला ती पुरते की नाही, हे विचारण्याची गरज त्याला भासत नाही.

हा दिवस कसा असतो ते पाहा. कोलकात्यात राहणारी आपल्यापैकी एखादी स्त्री सकाळी डबा, पाण्याची बाटली, छत्री, चष्मा, मोबाइल, किल्ल्या आणि एखादी फाइल घेऊन मेट्रोत शिरते. दिवसभर कचेरीत काम करते. परतताना गडियाहाटच्या बाजारात भाजी घेते, औषधाच्या दुकानात डोकावते, आणि शनिवार असला तर तशीच मंडळाच्या कार्यक्रमाला जाते. कारण घरी जाऊन, साडी बदलून, पर्स पालटून परत यावे एवढी सवड तिला शहराने दिलेली नाही. ‘साधा प्रसंग’ आणि ‘औपचारिक प्रसंग’ ही विभागणी उपदेशकाच्या डोक्यात आहे. तिच्या घड्याळात ती नाही. दोन्हीकडे चालेल अशी एक पिशवी तिला हवी असते ती हौसेखातर नव्हे, दुसरा मार्गच नसतो म्हणून.

मुळात ही पिशवी हाती आली कशी, हेही आपण विसरलो आहोत. आपल्या भाषेला मात्र त्याचे स्मरण आहे. स्वतःचा पैसा खर्च करणे याला आपण ‘पदरमोड’ म्हणतो, जवळचा पैसा तो ‘पदरचा’ पैसा, आणि फुकट भुर्दंड बसला की ‘पदराला खार’ लागतो. वस्त्राच्या टोकाला मराठीने मालकीचा अर्थ दिला, तो उगाच नव्हे. पदराच्या गाठीत नाणे राहत असे, नऊवारीच्या ओच्यात चार वस्तू मावत, पानसुपारीला चंची आणि बारीकसारीक ऐवजाला बटवा कमरेशी असे. बंगाली गृहिणी आंचलाच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून तो खांद्यावरून मागे टाकीत असे. त्याचा आवाज म्हणजे घराच्या कारभाराचा आवाज होता. नेसण्याच्या वस्त्रातच ऐवज ठेवण्याची सोय होती आणि दोन्ही हात मोकळे होते.

पुढे वस्त्र बदलले. नऊवारीची पाचवारी झाली, पाचवारीबरोबर सलवार-कमीज आली, आणि या स्थित्यंतरात ती सोय गळून पडली. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा, विजारीला खिसे, कोटाला आतून-बाहेरून खिसे. स्त्रीच्या कपड्याला मात्र खिसा लावला तर म्हणे अंगलट बिघडते! युरोपातही हेच घडले होते. अठराव्या शतकात तेथील स्त्रिया घेरदार झग्याच्या आत कमरेला प्रशस्त खिसे बांधीत. शतकाच्या अखेरीस अंगाबरोबर उतरणाऱ्या, उंच कमरेच्या झग्यांची चाल आली. त्यांत खिशाचा फुगवटा दिसू लागला, म्हणून खिसे गेले आणि हातात चिमुकली ‘रेटिक्यूल’ आली. या इवल्याशा पिशवीची थट्टा करणाऱ्यांनी तिच्या नावाचा अपभ्रंश करून तिला ‘रिडिक्यूल’, म्हणजे हास्यास्पद, असे नाव दिले. खिसा काढून घ्यायचा, त्याच्या जागी पिशवी द्यायची, आणि मग त्या पिशवीवरून बाईला हसायचे, हा क्रम तेव्हापासून चालत आला आहे. आजच्या उपदेशकांनी त्यात भर घातली ती एवढीच की, त्या पिशव्या आता तीन असाव्यात.

ज्यांना परदेशातील थोर उदाहरणांवाचून पटत नाही त्यांच्यासाठी एक उदाहरण सांगतो. एर्मेस या फ्रेंच पेढीची ‘बर्किन’ ही पिशवी आज जगभर श्रीमंतीची खूण मानली जाते. तिचा जन्म 1984 च्या सुमारास झाला, आणि तो कोणा राणीच्या दरबारी पोशाखासाठी झाला नाही. जेन बर्किन ही अभिनेत्री वेताची टोपली घेऊन हिंडत असे. विमानप्रवासात त्या पेढीच्या प्रमुखाशी तिची गाठ पडली, आणि तान्ह्या मुलाच्या आईचे सामान मावेल अशी पिशवी कोठे मिळत नाही, अशी तक्रार तिने त्याच्याकडे केली. त्या तक्रारीतून ती पिशवी निघाली. तिच्यासाठी केलेल्या पहिल्या पिशवीला खांद्यावर अडकवण्याचा पट्टा होता. पुढे त्या नावाने विक्रीला आलेल्या पिशव्यांना तो राहिला नाही. तीच पहिली, वापरून झिजलेली पिशवी जुलै 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोंना विकली गेली. यातून आम्ही घेतो तो बोध असा: ओझ्याच्या विचारातून जन्मलेली वस्तू प्रतिष्ठेच्या हाती पडली की तिचा पहिला बळी पट्टा असतो, म्हणजे नेमका तो भाग, जो बाईचे हात मोकळे करतो.

आता घराकडे वळू. शबनम पिशवी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. खादीची किंवा हातमागाची, लांब बंदाची, खांद्यावरून कमरेखाली लोंबणारी. तीच बंगालमध्ये झोला म्हणून ओळखली जाते. ही पिशवी खांद्याला लावून एखादे कविवर्य किंवा प्राध्यापक व्यासपीठावर चढले की श्रोत्यांना त्यात साधेपणा दिसतो, विचारवंताची बेफिकिरी दिसते, क्वचित त्यागही दिसतो. तीच पिशवी घेऊन एखादी बाई त्याच सभागृहात शिरली की मागल्या रांगेत कुजबुज होते, ‘समारंभाला यायचे तर जरा बरी पर्स नाही का घ्यायची?’ कापड तेच, बंद तोच, आतले पुस्तकही कदाचित तेच. मग औपचारिक-अनौपचारिक हा भेद पिशवीचा आहे की खांद्याचा? पुरुषाच्या खांद्यावर जी वस्तू भूषण ठरते ती स्त्रीच्या खांद्यावर गबाळेपणा ठरत असेल, तर त्या निकषाला अभिरुची म्हणणे हा अभिरुचीचा अपमान आहे.

या ठिकाणी आमचे प्रतिपक्षी म्हणतील, ‘प्रसंगाचे भान म्हणून काही असते की नाही? भाजीच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत असताना लग्नमंडपात यावे काय?’ आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. प्रसंगाचे भान हवे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु प्रसंगाचा मान राखण्यासाठी पिशवीकडून काय अपेक्षित असते? ती स्वच्छ असावी, उसवलेली नसावी, तिचे तोंड बंद होणारे असावे. या तीन अटी पुरी करणारी पिशवी लग्नालाही चालते आणि लोकलगाडीलाही. त्यापलीकडे जी मागणी केली जाते ती भानाची मागणी नव्हे, ती ऐपतीची चौकशी होय. पर्सवर कोणाची मुद्रा आहे, ती गेल्या समारंभात पाहिलेलीच आहे की नवी, हे पाहणारी नजर प्रसंगाचा मान राखीत नसते. ती मंडपात हिशेबाची वही घेऊन आलेली असते.

आणि कोथिंबिरीचेच म्हणाल, तर तिच्यासाठी घडी करून आत ठेवता येईल अशी एक पातळ कापडी थैली पुरते. त्यासाठी दुसरी पर्स लागत नाही.

मग निवड कशी करावी? केवळ खंडन करून थांबणे आमच्या स्वभावात नाही, म्हणून मंडनही करतो. पर्स घेण्यापूर्वी आरशासमोर उभे राहू नये. आपल्या नित्याच्या वस्तू टेबलावर मांडाव्यात. कचेरीचा नेहमीचा कागद सुमारे 21 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब असतो. तो न मुडपता राहायचा तर पिशवी आतून 32 ते 35 सेंटिमीटर रुंद हवी. डबा आडवा न होता बसायचा तर तळ सपाट आणि 10-12 सेंटिमीटर खोल हवा. पट्टा निदान तीन-चार सेंटिमीटर रुंद असावा, कारण अरुंद पट्टा तेच ओझे खांद्याच्या थोड्या जागेत रुतवतो. आणि तो एवढा लांब असावा की गर्दीत पिशवी तिरपी, एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूला, घेता यावी. तोंडाला चेन असावी. आतले अस्तर फिक्या रंगाचे असावे. काळ्या अस्तराच्या काळोखात किल्ली शोधण्यात आपल्या भगिनींचे किती आयुष्य गेले असेल! रिकाम्या पिशवीचे वजन हातात घेऊन पाहावे. रिकामीच जड असेल ती भरल्यावर दया दाखवणार नाही. रंगाविषयी म्हणाल, तर काळ्याचा आग्रह निष्कारण आहे. चिंचेसारखा तपकिरी, गडद मरून, मातकट हिरवा हे रंग सुती साडीवर आणि रेशमी साडीवर सारखेच शोभतात. आपल्या वस्त्रांच्या काठापदरांत ते पूर्वीपासून आहेतच.

कसली घ्यावी, हाही प्रश्न उरतो. बाजारात आज कातड्यासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांची रेलचेल आहे. त्यांपैकी पुष्कळशा म्हणजे कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. बंगालच्या किंवा कोकणच्या दमट हवेत हा थर हळूहळू विघटन पावतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघू लागतात. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू अशी वारंवार घ्यावी लागते, आणि अखेरीस पदराला खार लागतोच. याउलट आमच्या शेजारीच शांतिनिकेतन आहे. 1922 साली रवींद्रनाथांनी श्रीनिकेतनची स्थापना केली. तेथे रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी यांच्या प्रयत्नाने चर्मकलेला आश्रय मिळाला. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले शेळ्या-मेंढ्यांचे कातडे ओलसर असताना त्यावर ठसा उठवला तर तो टिकून राहतो; या गुणाचा उपयोग करून त्यावर नक्षी उठवतात, बाटिकच्या रीतीने हाताने रंग भरतात. या वस्तूंना भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळालेली आहे. अशी पिशवी हलकी असते, तिच्यावरची नक्षी समारंभाला उणी पडत नाही आणि तिचा मातकट रंग कचेरीत डोळ्यांवर येत नाही. तिचे दोषही सांगितले पाहिजेत: पाण्याचे थेंब पडले तर डाग राहतो, आणि पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तर बुरशी धरते. सुती फडक्यात ठेवावी, मधूनमधून वारा द्यावा. ज्यांना कातडे नको असेल त्यांनी जाड सुती कापडाची, अस्तर लावलेली, चेन असलेली पिशवी शिंप्याकडून मापाबरहुकूम शिवून घ्यावी, आणि ती ताठ मानेने कोठेही न्यावी.

2020 साली केंद्र सरकारने शाळकरी मुलांच्या दप्तराविषयी धोरण ठरवले आणि दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून अधिक नसावे, असे त्यात सांगितले. धोरण स्तुत्य आहे. परंतु त्याच मुलाला बसथांब्यावर पोचवून पुढे कचेरीला जाणाऱ्या त्याच्या आईच्या खांद्यावर काय लटकते आहे, ते तराजूत घालावे असे कोणाला सुचलेले नाही. त्या पिशवीत तिच्या एकटीचे सामान असते थोडेच! नवऱ्याचा चष्मा, मुलाची बाटली, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्या घराच्या किल्ल्या. ‘तुझ्या पर्समध्ये टाक जरा,’ हे वाक्य ज्या घरात बोलले जात नाही असे घर आम्हांला कोणी दाखवावे. घराने आपले ओझे तिच्या पर्समध्ये टाकायचे आणि समाजाने त्या पर्सच्या फुगीरपणाला नाक मुरडायचे, यात न्याय कोणता?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. शिंप्यांनी स्त्रियांच्या कपड्यांना हात मावेल असा खिसा लावावा, आणि स्त्रियांनी तो हट्टाने लावून घ्यावा. खिसे असलेल्या पुरुषांनी आपला चष्मा आणि आपल्या किल्ल्या आपल्याच खिशात ठेवाव्यात. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांनी, जेथे चार घरचे लोक दुरून, दमून, केवळ मराठी ऐकण्याच्या ओढीने येतात, तेथे दाराशी एक टेबल आणि सामान ठेवायला एक मांडणी करावी. भाजीची थैली घेऊन आलेल्या बाईला ती लपवावी लागू नये. आणि पर्सवरून माणसाची पारख करण्याची जी सवय आपल्यात हळूहळू मुरत चालली आहे ती आपण सर्वांनीच टाकून द्यावी.

दोन्ही प्रसंगांना चालेल अशी पिशवी मिळणे अवघड नाही. ती शांतिनिकेतनात मिळते, आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडेही मिळते. ती खांद्यावर आहे तशी चालवून घेणारी नजर अजून आपल्याकडे दुर्मीळ आहे. ती कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. ती आपणच घडवावी लागेल.