चिकटलेली आतडी आणि दुर्बीण

पोटाचे ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षे लोटतात, जखमेचा मागमूस उरत नाही, आणि मग सुनेचे पोट वरचेवर दुखू लागते. सोनोग्राफीत काही सापडत नाही. तेव्हा घरातील वडील मंडळी ‘दुखणे मनाचे’ असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो. शस्त्राने, क्षयाने वा पू झाल्याने उदरातील नाजूक पडदा दुखावला, की तेथे चिकट तंतू साचतात. ते काही दिवसांत विरले तर ठीक. न विरल्यास त्यांचे पट्टे बनून आतडी एकमेकांस चिकटतात. ही चिकटण नेहमीच्या तपासण्यांत बहुधा दिसत नाही.

ती पाहावयाची तर दुर्बीण हवी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ साली दुर्बिणीने पोट तपासण्यास आरंभ केला व १९९० साली तिच्याच साह्याने पित्ताशय काढले. छिद्रे बोटाएवढीही नसतात. रोगी लवकर हिंडू-फिरू लागतो. म्हणून आमच्या पालीतही ‘दुर्बिणीने सोडवून घ्या’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात.

येथेच थांबून विचार करावा. हॉलंडातील वैद्यांनी अशा शंभर रोग्यांच्या पोटांत दुर्बीण घातली. निम्म्यांची चिकटण सोडविली, उरलेल्यांची नुसती पाहिली, आणि कोणाचे काय केले हे रोग्यांस कळू दिले नाही. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षभरात आराम दोन्ही गटांस पडला, फरक म्हणावा असा नव्हता. बारा वर्षांनंतरच्या पाहणीत तर सोडविलेल्यांचीच स्थिती अधिक वाईट आढळली. कारण उघड आहे. सोडविणे हीदेखील नवी जखमच, तीतून चिकटण पुन्हा धरते, शिवाय आतड्यास भोक पडण्याचे भय. सुश्रुताने बद्धगुदोदरात नाभीखाली डावीकडे उदर चिरण्याचा विधी सांगितला खरा, पण तो रोग असाध्यांत गणूनच!

तेव्हा सही करण्यापूर्वी दुखण्याची दुसरी कारणे तपासली काय, हे शस्त्रवैद्यांस विचारावे, आणि मागील ऑपरेशनचे कागद सोबत न्यावे. मात्र कळा येऊन पोट फुगले, वांत्या सुरू झाल्या, वारा व शौच दोन्ही बंद झाली, तर आतड्यास अडथळा झाला असे समजावे. त्या वेळी काढे, शेक व घरातील सल्लामसलत यांत रात्र न दवडता रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात हलवावे.