ओल कळते, ताण कळत नाही

मोबाइल आडवा धरला की स्क्रीन आडवी होते, कानाला लावला की विझते. ही करामत आतल्या काही मिलिमीटरच्या सेन्सरांची. त्यांना कान दिसत नाही. काहीतरी जवळ आले एवढेच कळते. फोन कानाशी आहे, हा अंदाज सॉफ्टवेअरचा. फोनमध्ये असा अंदाज चुकला तर फारसे बिघडत नाही. घनसावंगीच्या मोसंबीच्या बागेत चुकला तर अख्खा बहार हातचा जातो.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता ठिबकच्या जोडीला मातीत रोवायचे ओलावा सेन्सर राज्यात येऊ लागले आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते उसात वापरून दाखवले, आणि जून २०२५ मध्ये राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. ते यायलाच हवेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली होती.

मात्र यातले बहुतेक सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. ते मातीचा एक विद्युत गुणधर्म मोजतात. त्याचा आकडा पाण्यासाठी ८० च्या आसपास, तर कोरड्या मातीसाठी ३ ते ५ असतो. या फरकावरून ओल काढली जाते. काळ्या मातीत इथेच गोम आहे. चिकण कणांनी घट्ट धरून ठेवलेले पाणी मातीत असते, पण मुळांना मिळत नाही. त्यातून भेगा पडल्या की दांड्याभोवतीची माती सुटते आणि यंत्र हवेचे माप मातीच्या नावावर खपवते. दुसऱ्या मातीत जुळवलेले यंत्र इथे तसेच रोवून भागत नाही.

त्याहून मोठा प्रश्न ताणाचा. आंबे बहारासाठी शेतकरी थंडीत बागेचे पाणी मुद्दाम तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पाने पिवळी पडतात, काही गळतात; मग खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलते. सेन्सरच्या लेखी मात्र हे सगळे दिवस धोक्याचे. मोटार आणि व्हॉल्व्ह त्याच्याच हाती दिले असतील, तर एका रात्रीत पाणी सुटेल आणि महिन्याभराची तपश्चर्या वाया जाईल. यंत्राने चूक केलेली नसेल, माती खरोखरच कोरडी होती. ती का कोरडी ठेवली, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून अनुदान देताना दोन अटी घालायला हव्यात. यंत्र मराठवाड्याच्या काळ्या मातीत तपासलेले असावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र जिल्ह्यातच, बदनापूरला आहे. आणि मोबाइलवर मराठीत ‘ताण चालू’ असे साधे बटण असावे, जे दाबल्यावर शेतकऱ्याने सांगितल्याशिवाय पाणी सुटणार नाही. कंपन्यांना हे अवघड नाही. कुणी मागितले नाही, तर त्या देणारही नाहीत.

एवढे जमले तर या यंत्राचा सर्वात मोठा उपयोग ताणातच होईल. आज ताण किती बसला हे पानांवरून ठरते, आणि पाने उशिरा बोलतात. जानेवारीत अवकाळीची सर आली की बागायतदाराला एकच धास्ती असते, ताण तुटला का? ते पाणी वरच मुरले की मुळांपर्यंत पोचले, हे फूटभर खोल रोवलेला सेन्सर त्याच दिवशी सांगू शकतो.