लॅपटॉप म्हातारा नव्हता, डिस्क थकली होती

आमचा लॅपटॉप २०१४ सालचा. बटण दाबून कुकर लावायचा. तीन शिट्ट्या झाल्या की कुठे स्क्रीन उघडायची. लेकाने निकाल देऊन टाकला, "आई, टाक तो आता. नवीन घे." माझंही मन डळमळलं होतं.

दुरुस्तीवाल्या दादांनी मागचं झाकण उघडून दाखवलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि माहिती वाचायला एक बारीक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकत राहते. उशीर तिथे होतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपवर. बाकी लॅपटॉप ठणठणीत होता. एसएसडी आणि मजुरी धरून साडेतीन हजारांत काम झालं. आता गॅसवर दूध ठेवून वळते, तोवर तो सुरू झालेला असतो.

पण दादांनी आधी विचारलं होतं, "ताई, बॅकअप आहे ना?" आणि माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंच्या आवाजात पापड, सांडगे, कच्च्या केळ्याची भाजी यांचं प्रमाण मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. जुनी डिस्क कॉपी होताना अडखळली. बाकी सगळं आलं. सांडग्यांची फाइल उघडलीच नाही.

परिग्रहाचं परिमाण ठरवताना आपण साड्या, दागिने, भांडी मोजतो. घरातली यंत्रं मात्र त्या हिशोबात धरत नाही. माझं मत आता पक्कं आहे: वस्तू टाकण्याआधी तिच्यातलं नेमकं काय थकलंय ते विचारावं. मदरबोर्डच गेला असेल तर हट्ट करू नये. पण नुसता संथपणा असेल तर आधी डिस्क बघावी. आणि अपरिग्रह म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. जे मोजकं ठेवलंय, ते नीट सांभाळायलाही हवं.

तेव्हा दुकानात जाण्याआधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्यातल्या फाइली उघडून बघा. आपल्या लॅपटॉपला अडीच इंची एसएसडी लागते की एम.२, हे विचारून घ्या. जुनी डिस्क मागून घ्या, भंगारात देऊ नका. फाइल डिलीट केली तरी ती बऱ्याचदा परत काढता येते. आपले फोटो, बँकेचे कागद त्यात असतात.

सांडग्यांचं प्रमाण आता मी नणंदेला विचारून वहीत लिहिलंय. प्रमाण मिळालं. "मीठ जरा हात राखून गं," म्हणणारा तो आवाज मात्र गेला. तुमच्या घरात असा एखादा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा.