ठळक अक्षरांची किंमत

शर्यतीच्या घोड्यांचा आणि साहित्याच्या अभ्यासाचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांना पडेल. संबंध आहे तो प्रतवारीचा. ग्रंथांना 'अभिजात', 'महत्त्वाचा', 'दखलपात्र' अशा पायऱ्यांवर बसवण्याचे काम समीक्षा पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे; परंतु त्या पायऱ्या कशाच्या आधारे ठरल्या असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. अश्वशर्यतींच्या जगाने मात्र आपल्या पायऱ्यांचे नियम लिहून ठेवले, त्यांना आकडे जोडले आणि वेळप्रसंगी एकदा दिलेली श्रेणी काढूनही घेतली. म्हणूनच ही व्यवस्था खरोखर चालते का, हे तपासणे आम्हांला उद्बोधक वाटते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रेसकोर्सवर होणाऱ्या शर्यतींचा मोठा भाग हँडिकॅप पद्धतीचा असतो. हँडिकॅपर हा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या पूर्वीच्या कामगिरीवरून गुणांक देतो. ज्याचा गुणांक अधिक, त्याच्या पाठीवर वजनही अधिक. सर्वांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पैसे लावणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे. पण सर्वोत्तम घोडा कोणता हे तिच्यातून सरळ कळत नाही. पैदास करणाऱ्याला तर नेमके तेच कळायला हवे असते. ब्रिटनमध्ये ड्यूक ऑफ नॉरफोक यांच्या समितीने १९६५ साली या प्रश्नाचा विचार केला आणि १९७१ पासून युरोपात 'पॅटर्न' व्यवस्था अमलात आली. निवडक शर्यतींचे गट १, गट २ आणि गट ३ असे भाग पडले. त्यांच्या खालची पायरी 'लिस्टेड' शर्यतींची. अमेरिकेने १९७३ पासून हेच काम 'ग्रेड' या नावाने सुरू केले.

श्रेणी ठरते ती अशी. शर्यतीत पहिल्या चार क्रमांकांवर आलेल्या घोड्यांच्या गुणांकांची सरासरी काढतात आणि लागोपाठ तीन वर्षांच्या सरासरीवरून त्या शर्यतीचा दर्जा जोखतात. प्रौढ घोड्यांच्या बाबतीत गट १ साठी ११५, गट २ साठी ११०, गट ३ साठी १०५ आणि लिस्टेडसाठी १०० ही स्थूल पातळी मानली जाते. फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी असलेल्या शर्यतींना यात काही सवलत असते. पातळी टिकली नाही तर शर्यत खाली उतरते, मग तिचे नाव कितीही मोठे असो. इटलीच्या डर्बीची गट १ ही श्रेणी २००९ मध्ये गेली आणि ती गट २ मध्ये आली. एका राष्ट्राच्या डर्बीला खालच्या पायरीवर बसवण्याचे धैर्य या व्यवस्थेने दाखवले, ही तिच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष होय. आमच्या अभ्यासक्रमांतून एखादे 'अभिजात' पुस्तक आकडे दाखवून खाली उतरवल्याचे कोणाला आठवते काय?

तरीही आक्षेप उरतातच. पहिला आक्षेप चक्राकार तर्काचा. घोड्याचा गुणांक ठरतो तो त्याने कोणाला किती अंतराने हरवले यावरून. शर्यतीची श्रेणी ठरते तिच्यात धावलेल्यांच्या गुणांकांवरून. आणि चांगला घोडा कोठे धावणार हे मालक ठरवतो ते शर्यतीची श्रेणी पाहून. एकदा वर गेलेली शर्यत चांगल्या घोड्यांना ओढून घेते आणि त्यामुळेच वर राहते. खाली गेलेलीला पुन्हा चढणे कठीण. अ‍ॅस्कट येथील किंग्ज स्टँड स्टेक्स ही सुमारे हजार मीटरची शर्यत १९८८ मध्ये गट १ मधून गट २ मध्ये उतरवली गेली. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या शॉइझिरने ती जिंकली, २००६ मध्ये टेकओव्हर टार्गेटने आणि २००७ मध्ये मिस आंद्रेत्तीने. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास करून हे घोडे ज्या शर्यतीसाठी येत होते, तिच्यावर शिक्का मात्र दुय्यमतेचा होता. २००८ मध्ये तिला गट १ परत मिळाला. व्यवस्थेने चूक सुधारली हे खरे, पण वीस वर्षांनी. दरम्यानच्या विजेत्यांच्या नावापुढे गट २ असेच राहिले.

दुसरा आक्षेप पैशाचा. लिलावाच्या पुस्तिकेत शिंगराच्या आईच्या वंशावळीत श्रेणीबद्ध आणि लिस्टेड शर्यती जिंकणाऱ्यांची नावे ठळक कॅपिटल अक्षरांत छापतात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आलेल्यांची नावेही ठळक, पण लहान अक्षरांत. या छपाईवर शिंगराची किंमत चढते-उतरते. साहजिकच प्रत्येक देशाला आपल्याकडे ठळक अक्षरे अधिक हवी असतात. याउलट केवळ पैशाने श्रेणी विकत घेता येत नाही, हेही दिसते. सिडनीतील 'द एव्हरेस्ट' ही १२०० मीटरची शर्यत २०१७ मध्ये एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बक्षिसासह सुरू झाली, तेव्हा तिला श्रेणीच नव्हती. गट १ मिळाला तो २०२४ मध्ये. त्याच देशातील, १८६१ पासून चालत आलेली मेलबर्न कप मात्र हँडिकॅप असूनही गट १ मध्ये आहे. परंपरा, पैसा आणि गुणवत्ता या तिन्ही मापांची येथे सरमिसळ झालेली दिसते.

तिसरा आक्षेप आपल्या दाराशी येतो. महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ मध्ये सुरू झालेली इंडियन डर्बी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने प्रथम जिंकली. ही शर्यत आपल्याकडे ग्रेड १ गणली जाते. परंतु आंतरराष्ट्रीय कॅटलॉगिंगच्या नियमपुस्तकात भारत दुसऱ्या भागात येतो आणि तेथील ग्रेड १ पहिल्या भागातील देशांच्या ग्रेड १ च्या तोडीचा धरला जात नाही. हा अन्याय आहे काय? अंशतः आहे, कारण विलगीकरणाच्या नियमांमुळे आपला घोडा परदेशी नेणे दुष्कर, आणि परक्यांशी गाठच पडत नसेल तर गुणांक जोखायचा कशावर? मात्र जपाननेही एके काळी याच दुसऱ्या भागातून वाट काढली. त्याने १९८१ मध्ये जपान कप सुरू करून परदेशी घोड्यांना आमंत्रण दिले. पहिल्या वर्षी अमेरिकन घोडी जिंकून गेली. १९८४ मध्ये त्या देशाने आपली श्रेणीव्यवस्था आणली आणि २००७ मध्ये तो पहिल्या भागात पोचला. २०२३ मध्ये जपानच्याच इक्विनॉक्सला १३५ हा जगातील त्या वर्षीचा सर्वोच्च गुणांक मिळाला. घरी येऊन हरवण्याची मुभा परक्याला दिल्याखेरीज घरच्या श्रेणीला बाहेर किंमत येत नाही, हा त्यातला धडा.

आमच्या मते ही व्यवस्था चालते, पण ती निकालपत्र म्हणून. न्यायनिवाडा म्हणून नव्हे. श्रेणी शर्यतीची असते, घोड्याची नव्हे, आणि ती गेल्या वर्षांवर बेतलेली असते. आज धावलेल्यांविषयी ती काहीच सांगत नाही. जेमतेम ११५ ची सरासरी गाठणारी शर्यत आणि १२५ च्या घरातली शर्यत यांचे विजेते पुस्तिकेत एकाच जाडीच्या अक्षरांत उभे राहतात. दहा पौंडांचा फरक एका अंकाआड दडतो. यावर उपाय अवघड नाही. प्रमुख शर्यतींचे वार्षिक गुणांक आंतरराष्ट्रीय महासंघ प्रसिद्ध करतोच. श्रेणीच्या शेजारी त्या वर्षीचा तो आकडाही लिलावाच्या पुस्तिकेत छापला जावा. किंग्ज स्टँडसारख्या शर्यतीच्या विजेत्यांना मग समितीच्या पुढच्या बैठकीवर विसंबावे लागणार नाही, आणि नावावर जगणाऱ्या शर्यतींचे बिंग त्याच वर्षी फुटेल.

साहित्याला असे गुणांक लावावेत, असे आम्ही म्हणत नाही. लावताही येणार नाहीत. परंतु श्रेणी देणाऱ्याने ती कोणत्या वर्षी, कोणाशी तुलना करून आणि कशाच्या आधारे दिली हे शेजारी लिहावे, एवढी अपेक्षा रेसकोर्सवर पुरी होत असेल तर वर्गात आणि समीक्षेच्या पानावर ती करणे जादा ठरू नये.