‘विचारलेवरून’

आपल्याकडील पोलिसी जबाबाच्या प्रारंभी एक ठराविक वाक्य असते: अमुक इसम समक्ष हजर राहून ‘विचारलेवरून’ जबाब देतो की, इत्यादी. या एका शब्दावाचून सबंध जबाबात प्रश्नाचा मागमूस नसतो. काय विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, पहिल्या उत्तराने समाधान न झाल्यामुळे तेच पुन्हा विचारले की काय, हे सारे त्या ‘विचारलेवरून’च्या पोटात गडप होते, आणि मागे उरते ते एकसलग कथन, जणू सांगणाराने घरूनच पाठ करून आणलेले. सांगणारा प्रौढ असला तर यातील नुकसान एक वेळ सोसता येईल. परंतु सांगणारी पाच वर्षांची मुलगी असेल, तिच्याशी कोणी दुर्वर्तन केले काय आणि ती आपल्या घरात सुरक्षित आहे काय हे ठरवावयाचे असेल, तर प्रश्न पुसून केवळ उत्तर जतन करणे हा आमच्या मते त्या मुलीवर होणारा दुसरा अन्याय होय.

या विषयात आपल्याकडे दोन पक्ष मोठ्या आवेशाने भांडताना दिसतात. एक पक्ष वकिली बाण्याचा. त्याच्या मते मूल म्हणजे पढविलेला पोपट. आईने शिकविले, शेजारणीने भर घातली, की ते बोलू लागते. दुसरा पक्ष हळव्यांचा. त्याच्या मते मूल म्हणजे देवाघरचे फूल; असत्य त्याच्या ओठांवर यावयाचेच नाही. दोन्ही पक्ष मुलाच्या स्वभावाविषयी तावातावाने बोलतात आणि विचारणाऱ्याच्या वर्तनाविषयी चकार शब्द काढीत नाहीत. प्रश्नपत्रिका काढण्यात ज्यांची हयात गेली त्या आमच्यासारख्या मास्तरांना तरी एवढे खचित ठाऊक असते की, पुष्कळदा अर्धे उत्तर प्रश्नातच दडलेले असते. ‘काकांनी तुला हात लावला ना?’ या प्रश्नात काका आले, हात आला, आणि सर्वांत घातक असा तो शेवटचा ‘ना’ आला. वडील माणसाने ‘ना’ लावून विचारले की मान डोलवावी, हेच तर आपण मुलांना सुशीलता म्हणून शिकवीत आलो. आणि हाच ‘ना’ उलट दिशेनेही तितकाच कामाला येतो. भेदरलेली आई विचारते, ‘त्यांनी काही केलं नाही ना, बाळा?’ बाळ ‘नाही’ म्हणते, आई सुटकेचा निःश्वास टाकते, आणि प्रकरण तेथेच मिटते. निरपराध मनुष्य गुंतविला जाणे आणि अपराधी मनुष्य मोकळा सुटणे, दोन्ही त्या एकाच अक्षराची किमया.

ही काही आमची नवी कल्पना नव्हे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०० सालीच शाळकरी मुलांवर प्रयोग करून प्रश्नाच्या घडणीने उत्तर कसे वळते ते ग्रंथरूपाने मांडले होते. तरीही अमेरिकेसारख्या प्रगत म्हणविणाऱ्या देशाला हा धडा फार महागात शिकावा लागला. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालशाळेच्या चालकांवर व शिक्षिकांवर १९८३ साली आरोपांना सुरुवात झाली. शेकडो मुलांच्या मुलाखती घेण्यात आल्या. विचारणारी मंडळी हाती बाहुल्या घेऊन बसत, इतर मुलांनी सारे सांगितले आहे असे मुलास बजावीत, ‘हो’ म्हणणाराची पाठ थोपटीत आणि ‘नाही’ म्हणणारास मंद ठरवीत. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकही आरोपी दोषी ठरला नाही. मुलांपैकी कोणावर खरोखर काही गुदरले होते किंवा नव्हते, हे कळण्याचा मार्गच त्या मुलाखतींनी बुजवून टाकला होता.

परंतु या करुण प्रकरणातील एक गोष्ट आमच्या वकीलमित्रांच्या नजरेतून नेहमी निसटते. त्या मुलाखती चित्रफितींवर उतरविलेल्या होत्या. पंचांनी प्रश्न आपल्या कानांनी ऐकले, म्हणूनच दोष मुलांचा नसून विचारणाऱ्यांचा आहे हे उघड झाले. तेथे आपली पद्धत असती, तर ‘विचारलेवरून’ या शब्दाखाली त्या साऱ्या बाहुल्या कायमच्या पुरल्या गेल्या असत्या.

त्यानंतर पाश्चात्त्यांनी या कामाचे शास्त्र बनविले. इंग्लंडने १९९२ साली अशा मुलाखतींच्या चित्रीकरणाविषयी मार्गदर्शक नियम काढले. मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलाखतीची एक शिस्तबद्ध रीत सिद्ध केली. तिचा गाभा साधाच आहे. विचारणाराने प्रथम सांगावयाचे की, मी तेथे नव्हतो, मला काही ठाऊक नाही. तुला आठवत नसेल तर तसे सांग. माझे चुकले तर मला दुरुस्त कर. मग एखाद्या सणाविषयी वा वाढदिवसाविषयी मुलास मनसोक्त बोलू द्यावयाचे, म्हणजे सविस्तर सांगण्याची त्याला सवय होते. आणि मग, ‘काय झाले ते मला पहिल्यापासून सांग’ एवढे म्हणून गप्प बसावयाचे. यांतले गप्प बसणे आम्हा प्रौढांना किती जड जाते, हे वर्गात शिकविणाऱ्यास विचारावे!

आपला कायदा या बाबतीत निर्दय आहे असे कोणी म्हणू नये. २०१२ चा जो कायदा ‘पोक्सो’ या नावाने सर्वतोमुखी झाला आहे, त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेश न घालता, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. न्यायालयात दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशाकडे द्यावे आणि न्यायाधीशाने ते मुलास विचारावे, असे ३३ वे कलम सांगते. कायद्याने जागा ठरविली, वेष ठरविला, सोबत कोणी बसावे हेही ठरविले. विचारावे कसे, एवढे मात्र ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोडले. २६ व्या कलमात ध्वनिचित्रमुद्रणाची आज्ञा आहे खरी, पण तिच्या आधी ‘शक्य असेल तेथे’ हे शब्द आहेत. आणि या शब्दांचा सरकारी कचेरीत काय अर्थ होतो ते सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही साक्ष सामान्यतः कथनरूपाने लिहावी, न्यायाधीशास वाटल्यास प्रश्नोत्तररूपाने, हा जुनाच दंडक कायम आहे. गंमत अशी की, मूल साक्ष देण्यास समर्थ आहे काय हे अजमावण्यासाठी न्यायाधीश जे प्रश्न विचारतात, ‘कितवीत आहेस?’, ‘खोटे बोलले तर काय होते?’, ते बहुधा उत्तरांसह टिपून ठेवले जातात. म्हणजे मूल देवाला भिते हे कोणत्या प्रश्नावरून कळले त्याची नोंद आहे. ते माणसाला का भिते हे कोणत्या प्रश्नावरून कळले त्याची नाही.

आणि हे विचारणे एकदाच घडते असेही नव्हे. आई विचारते, मुख्याध्यापिका विचारतात, पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, बाल कल्याण समिती, शेवटी न्यायालय. प्रत्येक वेळी मुलाचे शब्द थोडे झिजतात आणि मोठ्यांचे त्यांत मिसळतात. शरीराच्या ज्या भागांची नावे आपण मुलांना शिकवीतच नाही, त्यांविषयी मूल घरच्या बोलीत ‘शूची जागा’ म्हणते. कारकून ‘गुप्तांग’ लिहितो. पुढे वकील विचारतो, एवढ्याशा पोरीला हा शब्द कोणी शिकविला? शिकविला तो कारकुनाने; पोपट ठरते ती पोर.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आरोप घरातल्याच माणसावर असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे मुलास चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि त्यास घरातून हलवावे की नाही हे समितीने तीन दिवसांत ठरवावयाचे असते. येथील प्रश्न ‘कोणी केले’ हा नव्हे. ‘हे मूल आज रात्री कोठे निजणार, आणि तेथे त्याला कोणाचे भय आहे’ हा होय. हा प्रश्न आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून विचारावयाच्या प्रश्नांत कालविला, तर दोन्हींची उत्तरे बिघडतात. बाबांना तुरुंगात नेतील या धास्तीने मूल गप्प बसते, आणि त्या मौनाचा अर्थ ‘घर सुरक्षित आहे’ असा लावून त्यास त्याच दारात परत पोचविले जाते.

आमच्यावर आक्षेप येईल की, जेथे साधी तक्रार नोंदवून घ्यावयास विलंब होतो, तेथे ही चैन कसली? २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरातील दोन चिमुकल्या मुलींच्या प्रकरणी झालेल्या दिरंगाईची दखल मुंबई उच्च न्यायालयास आपण होऊन घ्यावी लागली, हे आम्ही विसरलेलो नाही. पण दिरंगाई आणि घिसाडघाई या परस्परांच्या विरोधी नसून सख्ख्या बहिणी आहेत. आधी ऐकावयाचेच नाही, आणि लोक रस्त्यावर उतरले की वाटेल तसे विचारून कागद भरावयाचा. चित्रमुद्रणाला साधने नाहीत असे आता, प्रत्येक शिपायाच्या खिशात फोन असताना, कोणी म्हणू नये. मुद्रण बाहेर फुटेल ही भीती मात्र खरी आहे. तिच्यासाठी ते मोहोरबंद ठेवून थेट न्यायालयाच्या ताब्यात द्यावे. आणि जेथे यंत्र खरोखरच नसेल, तेथे गृहखात्याने जबाबाच्या कागदावर मधोमध एक उभी रेघ छापून द्यावी: डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, दोन्ही उच्चारले गेले त्याच शब्दांत. एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावयाची गरज नाही. एक परिपत्रक पुरे आहे.